शेवटचा आकडा

परवा एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "एनपीएम इतक्या वॉर्निंग्ज दाखवतंय, एकदाच सगळं लेटेस्ट करून टाकू का?" मी इतक्या जोरात "नको!" म्हणालो की शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. बिचारा गोंधळला. त्याला कारण सांगत बसलो तेव्हा लक्षात आलं की हे एकदा नीट लिहून काढायला हवं. म्हणून हा प्रपंच. ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात दूध आहे, पेंड आहे आणि कोकणातली कौलंसुद्धा आहेत. :-)

गोष्ट २०१९ची. मी तेव्हा ज्या छोट्या कंपनीत होतो, ती गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवायचं, त्यावरून दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी सभासदाचं बिल करायचं. त्यातून पेंडीचे, औषधांचे पैसे कापायचे आणि उरलेली रक्कम बँकेत पाठवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दहा दिवसांच्या बिलावर घराचा किराणा असतो, पोरांची फी असते. सॉफ्टवेअर करणाऱ्याला हे पुण्यात बसून दिसत नाही, हा भाग वेगळा.

शुक्रवारची संध्याकाळ होती. एनपीएमने चाळीसएक धोक्याच्या सूचना दाखवल्या होत्या. 'ऑडिट फिक्स' चालवलं तर निम्म्या गेल्या. उरलेल्यांसाठी तोच सल्ला देत होता की शेवटी 'फोर्स' जोडा. सोबत एक ओळ होती की यामुळे मोठे बदल होऊ शकतात. मी ती वाचली, आणि वाचूनही एंटर दाबलं. सूचना शून्यावर आल्या. टेस्ट्स चालवल्या, सगळ्या हिरव्या. सर्व्हरवर चढवलं आणि मी समाधानाने घरी गेलो.

पुढच्या बिलाच्या दिवशी एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, बिलात कायतरी मोठा घोळ झालाय बघा. एक म्हातारी कागद घेऊन दारात हुबी हाय. म्हणतीय, दहा दिस दूध घातलं आन् वर मीच संस्थेचं पैसं लागते व्हय?"

खरंच तसं झालं होतं. आजींचं दहा दिवसांचं दूध साडेतीन हजारांच्या आसपास व्हायला हवं होतं. पावतीवर आलं होतं १८७ रुपये ६० पैसे. त्यातून पेंडीचे १,२०० वजा केल्यावर 'देणे रुपये १,०१२.४०' छापून आलं. आणि हे एकट्या आजींचं नव्हतं. संस्थेतल्या जवळजवळ प्रत्येकाची अशीच गत होती. दोन संस्थांनी तर बँकेची फाइलही पाठवून टाकली होती.

काय झालं होतं ते शोधायला मला तीन तास लागले. कारण प्रोग्रॅम कुठेही बंद पडला नव्हता, कुठेही लाल अक्षरं नव्हती. डेटाबेसशी बोलणारी जी लायब्ररी आम्ही वापरत होतो, ती 'फोर्स'च्या धक्क्याने एक अख्खी मेजर आवृत्ती पुढे गेली होती. नव्या आवृत्तीत त्यांनी ठरवलं होतं की दशांश रकमा आकडा म्हणून द्यायच्या नाहीत, मजकूर म्हणून द्यायच्या. निर्णय अगदी रास्त होता, कारण जावास्क्रिप्टच्या आकड्यांत दशांश नेमके बसत नाहीत आणि पैशांच्या बाबतीत ते धोक्याचं असतं. त्यांनी हा बदल चेंजलॉगमध्ये एका ओळीत लिहिलाही होता. मी तो उघडला नव्हता.

आता जावास्क्रिप्टची गंमत पाहा. शून्यात आकडा मिळवला की बेरीज होते. शून्यात मजकूर मिळवला की तो शून्याला चिकटतो. म्हणजे शून्य अधिक '१८७.६०' याचं झालं '०१८७.६०'. त्यात संध्याकाळचे '१६४.२५' मिळवले की झालं '०१८७.६०१६४.२५'. अशी वीस वेळची माळ तयार झाली. शेवटी आमच्या कोडने तिचा पुन्हा आकडा केला. तो करणारं फंक्शन दुसरा दशांशचिन्ह दिसला की तिथेच थांबतं आणि पुढचं मुकाट्याने टाकून देतं. उरले १८७.६०१६४, दोन दशांशांपर्यंत आणले की १८७.६०. म्हणजे प्रत्येक सभासदाला फक्त पहिल्या वेळच्या दुधाचे पैसे मिळाले.

आणि टेस्ट का पास झाली? कारण आमच्या टेस्टमधल्या सभासदाने एकदाच दूध घातलं होतं! एकच नोंद असली की '०१८७.६०' चा आकडा बरोबर १८७.६० येतो. टेस्ट मीच लिहिली होती, तेव्हा दोष द्यायला दुसरं कोणी सापडेना.

एक गोष्ट मात्र कामी आली. लॉक फाइल, म्हणजे कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसवली होती याची संपूर्ण यादी, आमच्या गिटमध्ये होती. जुनी लॉक फाइल परत आणली, 'एनपीएम सीआय' चालवलं (हे बरोबर लॉक फाइलप्रमाणेच बसवतं, स्वतःची अक्कल चालवत नाही) आणि वीस मिनिटांत सॉफ्टवेअर पूर्वपदावर आलं. संध्याकाळपर्यंत नवी बिलं निघाली. ज्या दोन संस्थांचे पैसे बँकेत गेले होते त्यांचा फरक जमा व्हायला आणखी चार दिवस गेले. त्या चार दिवसांत कोणाकोणाचं काय अडलं हे मला कधीच कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

आता मुद्द्याकडे येतो. आवृत्तीच्या क्रमांकात तीन आकडे असतात, समजा ४.१७.२१. यामागे 'सिमँटिक व्हर्जनिंग' नावाचा संकेत आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहून काढला. शेवटचा आकडा वाढला तर फक्त चूक दुरुस्त केली आहे, मधला वाढला तर नवी सोय आली आहे पण जुनं मोडलेलं नाही, आणि पहिला वाढला तर सावधान, जुनं काहीतरी मोडलं आहे. एनपीएमच्या फाइलमध्ये आकड्याआधी जी टोपी (कॅरट) असते, तिचा अर्थ 'पहिला आकडा न बदलता जेवढं पुढे जाता येईल तेवढं जा'. पहिला आकडा शून्य असेल तर ती टोपी मधल्या आकड्यालाही धरून ठेवते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लाटेसारखं चिन्ह (टिल्ड) असेल तर साधारणपणे फक्त शेवटचा आकडा हलतो.

'एनपीएम आउटडेटेड' चालवा. तीन रकाने दिसतील. आत्ता काय आहे, तुमच्या मर्यादेत काय मिळू शकतं आणि जगात सगळ्यात नवं काय आहे. मला यातली रंगसंगती फार आवडते. तुमच्या मर्यादेतलं अपडेट शिल्लक असेल तर नाव लाल दिसतं आणि मर्यादेबाहेरचं असेल तर पिवळं. पहिल्यांदा मला हे उलटं वाटलं होतं. मोठी उडी लाल हवी ना? पण नाही. लाल म्हणजे 'हे तुला सहज करता आलं असतं आणि तू केलं नाहीस'.

माझं मत असं की लाल नियमित संपवावं आणि पिवळ्याला वेगळं काम समजावं. दोन्हीची एका कमांडमध्ये खिचडी करू नये. एवढंच. पण एवढंच सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक अंगावर येतात.

पहिली बाजू 'चालतंय ना, मग हात कशाला लावता?' वाल्यांची. त्या प्रकरणानंतर मी स्वतःच या पक्षात गेलो होतो. अडीच वर्षं आम्ही काहीही अपडेट केलं नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, मी ताक पिणंच सोडलं. २०२२च्या सुरुवातीला एका पॅकेजमध्ये खरोखर गंभीर भोक सापडलं. त्याची दुरुस्ती फक्त दोन मेजर आवृत्त्या पुढच्या मालिकेत होती. तिला नवं नोड हवं, नव्या नोडवर आमचं दुसरं पॅकेज चालेना, त्याच्या नव्या आवृत्तीत लॉगिनची पद्धतच बदललेली. शेवटच्या आकड्याने सुटला असता तो प्रश्न सुटायला अडीच महिने लागले.

इक्विफॅक्सचं उदाहरण तर जगजाहीर आहे. अपाची स्ट्रट्समधल्या भोकाची दुरुस्ती मार्च २०१७मध्ये आली. २.३ मालिका वापरणाऱ्यांसाठी ती २.३.३२ या आवृत्तीत होती, म्हणजे २.३.३१ वर असणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा एकाने वाढवायचा होता. इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर ते राहून गेलं. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेरपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ज्यांनी हात लावला नाही त्यांचं 'चालत' होतंच की!

दुसरी बाजू 'नेहमी लेटेस्ट' वाल्यांची. त्यांना मी फक्त आजींची पावती दाखवतो.

खरं तर मधली वाट पॅकेज लिहिणाऱ्यांनीच करून ठेवलेली असते, आपण बघत नाही. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजेचं प्रकरण झालं तेव्हा सगळीकडे पळापळ होती. एक दुरुस्ती आली, ती अपुरी निघाली, मग दुसरी, तिसरी... २.१५ पासून २.१७.१ पर्यंत एका महिन्यात चार आवृत्त्या. आमचा अहवाल छापणारा एक भाग जावा ७ वर होता आणि या नव्या आवृत्त्यांना जावा ८ लागत होतं. रात्री अकराला मी डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात कळलं की त्यांनी जावा ७ वाल्यांसाठी २.१२.२ काढली आहे. पुढे जावा ६ वाल्यांसाठी २.३.१ सुद्धा आली. आम्ही २.१२.१ वर होतो. एक आकडा बदलला, तपासलं, चढवलं, झोपलो. (त्या मालिकेतही पुढे आणखी दोनदा आकडा बदलावा लागला, पण ते असो.) अशी जुन्या मालिकेला ठिगळं लावत बसणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात. मेजर उडी न मारता सुरक्षित राहता येतं ते त्यांच्या जिवावर. मात्र ही कृपा कायमची नसते. त्याच लॉगफोरजेच्या १.x मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५मध्येच थांबली होती. तिच्यावर बसलेल्यांना ठिगळ देणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून आपली मालिका अजून जिवंत आहे का, हे वर्षातून दोनदा तरी बघावं.

आमच्या कोकणातल्या घरी दर मे महिन्यात कौलं परतायला माणसं यायची. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, की पाऊस झेलायला घर तयार. एक वर्ष राहिलं तर छप्पर कोसळत नाही, पण वाशाला पाणी लागतं आणि ते खालून दिसत नाही. पुढे नळ्यांची कौलं काढून मंगलोरी घालायचं ठरलं तेव्हा आजोबांनी ते मे महिन्याच्या परतणीत घुसडलं नाही. मंगलोरी कौल रीपांच्या ठराविक अंतरावरच बसतं, म्हणजे सगळ्या रीपा काढून नव्याने ठोकायच्या. त्यासाठी त्यांनी दिवाळीनंतरचा कोरडा काळ निवडला, सुतार ठरवला, पैसे बाजूला काढले. त्यांनी काही सिमँटिक व्हर्जनिंग वाचलं नव्हतं.

आता एक कबुली. तो तीन आकड्यांचा संकेत हे वचन आहे, कायदा नव्हे. लिहिणाऱ्याला वाटतं की काही मोडलं नाही, आणि आपलं नेमकं त्याच्याच एका चुकीवर उभं असतं. कधी तर वचन मुद्दामच मोडलं जातं. जानेवारी २०२२मध्ये 'कलर्स' या लोकप्रिय पॅकेजच्या लेखकानेच त्यात न संपणारं चक्र घातलं. शेवटचा आकडा वाढलेली आवृत्ती, त्यामुळे टोपीवाल्यांकडे ती आपोआप गेली. ८ सप्टेंबर २०२५ला त्याहून वाईट घडलं. 'चॉक', 'डीबग' अशी अफाट वापरली जाणारी पॅकेजेस सांभाळणाऱ्याला खोट्या ईमेलने फसवलं आणि त्याच्या खात्यातून विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्याही छोट्याच, साळसूद आकड्यांच्या. दोनेक तासांत त्या लक्षात येऊन काढायला सुरुवात झाली, पण त्या दोन तासांत ज्याने अपडेट केलं तो सापडला.

तेव्हा माझा तरुण सहकारी म्हणाला, "मग लहान अपडेटही धोक्याचंच की!" बरोबर आहे. म्हणून मी ताजी आवृत्ती आल्या दिवशी घेत नाही. आठवडाभर मुरू देतो. पीएनपीएमने तर सप्टेंबर २०२५मध्येच अशी सोय दिली की ठरवलेल्या काळापेक्षा ताजी आवृत्ती बसवायचीच नाही. अपवाद फक्त सुरक्षेच्या दुरुस्तीचा, आणि तोही ती दुरुस्ती खरंच आपल्याला लागू आहे हे वाचून. सगळ्या चाळीस सूचना सारख्या नसतात. त्यातल्या कितीतरी फक्त डेव्हलपरच्या मशीनवर चालणाऱ्या पॅकेजेसच्या असतात.

बाकी माझी पद्धत फार साधी आहे. महिन्याचा पहिला मंगळवार. (शुक्रवार नाही, हे सांगायला नकोच!) लाल नावं एकेक करून, प्रत्येकाचा वेगळा कमिट, प्रत्येकाचा चेंजलॉग उघडून. कंटाळा येतो, पण बिघडलं तर कोणामुळे बिघडलं हे लगेच कळतं. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती रुजवात. मागच्या तीन बिलांची खरी आकडेवारी, नावं काढून टाकून, जुन्या आणि नव्या कोडमधून काढायची आणि पैशापर्यंत ताडून पाहायची. आमच्या शंभर हिरव्या टेस्ट्सनी जे पकडलं नसतं ते ही रुजवात पहिल्या मिनिटात पकडते. टेस्टमधला सभासद आता दोनदा दूध घालतो, हे वेगळं सांगत नाही.

पिवळ्यांसाठी प्रत्येकाची स्वतंत्र मुदत ठरवतो. एका वेळी एकच, आणि मधल्या पायऱ्या न गाळता. रेल्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही सावकाश, एकेक मायनर आवृत्तीने पुढे जा असंच सांगितलं आहे. मधल्या पायरीवर 'हे लवकरच काढून टाकणार आहोत' अशा सूचना दिसतात. थेट उडी मारणाऱ्याला त्या दिसतच नाहीत, त्याला फक्त मोडलेलं दिसतं.

पण खरी अडचण तंत्राची नाहीच. ती पैशांची आहे. हा मंगळवार बिलात कुठे लावायचा? ग्राहकाला नवं बटण दाखवता येतं, अहवालाचा नवा रंग दाखवता येतो. 'या महिन्यात आम्ही अकरा शेवटचे आकडे वाढवले आणि तुम्हाला काहीही फरक जाणवला नाही' याचे पैसे कसे मागायचे? आपल्याकडे वार्षिक देखभालीचा करार म्हणजे फोन आला की जायचं, एवढाच अर्थ आहे. लिफ्टवाला दर महिन्याला येऊन तेलपाणी करून सही घेऊन जातो, त्याला कोणी 'लिफ्ट तर चालत होती' म्हणत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र म्हणतात. दोष ग्राहकाचा नाही, आपण त्याला कधी सांगितलंच नाही. मी आता करारात ही ओळ घालतो. दोन ग्राहकांनी ती काढायला लावली. एकाचं काम मी सोडलं, दुसऱ्याचं सोडता आलं नाही, घर चालवायचं असतं. त्यांचे मंगळवार मी गुपचूप माझ्याच वेळात करतो. हे धोरण म्हणून चूक आहे हे मला कळतं.

ते सेक्रेटरी अजून संपर्कात आहेत. कंपनी बदलली तरी त्यांच्या संस्थेचं काम फिरून माझ्याकडेच आलं. दर पहिल्या मंगळवारी दुपारी मी त्यांना फोन करून सांगतो की अर्धा तास सिस्टिम बंद राहील. ते "बरं बरं, करा" म्हणतात. मग थोडं थांबून, दर वेळी न चुकता विचारतात, "साहेब, त्या म्हातारीसारखं न्हाई न्हवं व्हणार?"